पायाखालचा पाट

रामदासपेठेत राहणाऱ्या माणसाला एक मोठे सुख आहे. त्याला डॉक्टर शोधत हिंडावे लागत नाही. घराबाहेर पडून कुठल्याही दिशेला दोनशे पावले टाकावीत, कोणत्या ना कोणत्या अवयवाची पाटी लागतेच. एका कोपऱ्यावर डोळे, दुसऱ्यावर दात, समोरच्या माडीवर हृदय. आणि एवढ्यानेही भागले नाही तर शेजारी धंतोली आहे, तिथे उरलेसुरले शरीर मिळते. या साऱ्या पाट्यांत संध्याकाळी सर्वांत गजबजलेली पाटी असते ती हाडांच्या डॉक्टरांची. शेतात राबणारे, ओझी उचलणारे, शिडीवरून पडणारे असे लोक तिथे येत असतील, अशी आपली भोळी समजूत. येतातही. पण सहानंतर जी गर्दी लोटते ती हातात डबा आणि गळ्यात ओळखपत्र असलेल्यांची. दिवसभरात ज्यांनी फायलीपेक्षा जड असे काही उचललेले नाही, अशा माणसांची.

गेल्या वर्षी अशा एका दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत मला बऱ्याच संध्याकाळी काढाव्या लागल्या. वाचायला जुनी मासिके होती, पण समोरची माणसे अधिक वाचनीय निघाली. दोन-तीन दिवसांतच मला कुणाचा व्यवसाय काय ते न विचारता ओळखू येऊ लागले. मान हातात धरून बसलेला असेल तो संगणकावरचा. कंबरेला हात लावून खुर्चीच्या कडेवर नुसता टेकलेला असेल तो बँकेतला. आणि बसायला जागा असून भिंतीशी उभा असेल तो आमच्या पेशाचा, म्हणजे मास्तर. त्या खोलीतल्या खुर्च्यांविषयी काय सांगू? पत्र्याला भोके पाडून चार-चार एकत्र जोडलेल्या त्या खुर्च्यांवर तासभर घसरत बसल्यानंतर धडधाकट सोबतीदेखील आत शिरताना रोगी होऊनच शिरतो. डॉक्टरांनी त्या मुद्दाम निवडल्या असे मी म्हणणार नाही. त्यांच्यावर बसण्याची पाळी त्यांच्यावर कधी आलेली नाही, इतकेच.

मराठी शिकवणाऱ्या माणसाचे मन रिकाम्या वेळी शब्दांकडे धावते. 'खुर्ची' मूळची अरबी. फारसीचा हात धरून आपल्याकडे आली. 'टेबल' इंग्रजांनी आणले. त्यामागे बसणारा 'कारकून' फारसी, त्याचे 'दफ्तर' फारसीतून आलेले, त्याचा 'साहेब' अरबी, आणि महिनाअखेर हातात पडणारा 'पगार' पोर्तुगीज. 'कंबर'देखील फारसीच. दुखणारी पाठ तेवढी अस्सल घरची, संस्कृतातल्या 'पृष्ठा'पासून निघालेली!

आणखी एक गंमत पाहा. जमिनीवर बसायचे झाले तर मराठी माणूस मांडी घालतो, फतकल मारतो, उकिडवा बसतो, ठाण मांडतो, बैठक जमवतो, गुडघे पोटाशी घेतो, लोडाला रेलतो. प्रत्येक बसण्याला वेगळा शब्द आहे, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वेगळे चित्र उभे राहते. खुर्चीवर मात्र आपण नुसते 'बसतो'. इतकी वर्षे झाली, पण भाषेची आणि त्या आसनाची अजून घसट झालेली दिसत नाही.

पेशव्यांच्या हुजूर फडातले कारकून जमिनीवर बसून लिहीत. एक गुडघा उभा करायचा, त्यावर कागद धरायचा, हातात बोरू घ्यायचा; आधी ओळभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली मोडी अक्षरे अडकवीत जायचे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात त्यांचे ते लिखाण रुमालांत बांधलेले आजही आहे. त्यांच्या पाठी दुखत नसतील असे मला म्हणायचे नाही. पूर्वीचे सगळेच चांगले, हे म्हणायला अजून मला बरीच वर्षे अवकाश आहे. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूची होती. त्यांचे मेज म्हणजे त्यांचा स्वतःचा गुडघा. उंच माणसाचा गुडघा उंच, ठेंगण्याचा ठेंगणा. ज्याचे मेज त्याच्या मापाचे, आणि तेही सरकारला एक पै खर्च न पडता.

आमच्या नागपुरात खुर्ची कधी आली ते साधारण सांगता येते. भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले. १८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत नावाचा प्रांत रचला आणि नागपूर त्याची राजधानी केली. राजधानी म्हटली की कचेऱ्या आल्या, कचेऱ्या म्हटल्या की टेबले-खुर्च्या आल्या. लाकूड इथलेच. चांदा-आलापल्लीच्या जंगलात सागवानाला काय तोटा? (तो आजही नाही. दिल्लीत २०२३ साली संसदेची नवी इमारत उघडली, तिचे सागवान नागपूरहूनच गेले.) तर लाकूड आपले, सुतार आपला, बसणारा आपला, माप तेवढे साहेबाच्या तंगड्यांचे.

माझे आजोबा नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेरमांडणी झाली, नागपूरचे राजधानीपण गेले, आणि त्यांच्या सोबत्यांपैकी कुणी भोपाळला तर कुणी मुंबईला गेले. आजोबांच्या वाट्याला मुंबई आली. निवृत्त होऊन परतल्यावर त्यांनी कुठल्याशा कचेरीच्या लिलावातून रुंद हातांची, वेताने विणलेली एक प्रचंड साहेबी खुर्ची आणली आणि ओसरीवर ठेवली. मी लहानपणी पाहिलेले आजोबा त्या खुर्चीवरचे आहेत. पण पाय खाली सोडून बसलेले आजोबा मला आठवतच नाहीत. ते खुर्चीवर मांडी घालून बसत. कचेरीतही आम्ही असेच बसायचो, असे ते सांगत. साहेब आत गेला की चपला टेबलाखाली, पाय वर, आणि फाईल मांडीवर. "पाय सोडून बसला तो साहेब आणि मांडी घालून बसला तो कारकून," असे ते म्हणत. आम्ही हसायचो. ते ठेंगणे होते आणि त्यांचे पाय जमिनीला पोहोचत नसत, हा त्या वाक्यामागचा अर्थ लक्षात यायला मला हाडांच्या डॉक्टरांकडे जावे लागले.

त्या खुर्चीचा वेत फाटला की तो विणायला एक अंध गृहस्थ येत. वेत विणण्याचे काम तेव्हा अंधशाळांतून शिकवले जाई, आणि सरकारी कचेऱ्यांत त्यासाठी अंध कारागीर असत. हे गृहस्थ आधी चौकट बोटांनी चाचपीत आणि मग आजोबांना म्हणत, "बाबूजी, एकदा बसून दाखवा." आजोबा बसत. ते खालून हात घालून वेताला किती झोल पडतो ते पाहत आणि मग विणायला घेत. खुर्चीचे काम करताना बसणाऱ्या माणसाची चौकशी करणारा एवढा एकच कारागीर मी लहानपणी पाहिला.

मांडी घालण्याची ही सोय पुरुषांची. साडी नेसून, टेबलासमोर लोक रांगेत उभे असताना, बाईमाणसाने खुर्चीवर मांडी घालावी ही गोष्ट आपल्या कचेरीत बसत नाही. आणि इथून माझ्या दवाखान्यातल्या संध्याकाळांची हकीगत सुरू होते.

आमची सौभाग्यवती एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. कचेरीचे नाव सांगत नाही. तसल्या कचेऱ्या सगळीकडे सारख्याच, आणि हिला अजून तिथे चौदा वर्षे काढायची आहेत. हिची उंची चार फूट अकरा इंच. लग्न ठरवताना वडीलधाऱ्यांनी या गोष्टीची बरीच चर्चा केली होती. नोकरी देताना कुणीच केली नाही. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारचा आठवडा पाच दिवसांचा झाला आणि कचेरीची वेळ पावणेदहा ते सव्वासहा ठरली. शनिवार मिळाला म्हणून आम्ही सारेच खूश होतो. बसण्याचा दिवस लांबला हे पायांनी आधी ओळखले. संध्याकाळी घरी आली की हिच्या चपलांचे पट्टे पायांत रुतलेले दिसत. पोटऱ्या जड, कंबर धरलेली, आणि उजव्या खांद्यात अशी कळ की दळणाचा डबा उचलवेना. स्वयंपाक उभ्याने करते म्हणून होत असेल, असे माझ्या आईने निदान केले. वजनाने होते, असे हिच्या बहिणीने. शेवटी चित्रे काढली, रक्त तपासले, हाडांत काही सापडले नाही. तेव्हा डॉक्टरांनी विचारले,

"कचेरीत खुर्चीवर बसल्यावर तुमचे पाय जमिनीला टेकतात का?"

ही माझ्याकडे पाहू लागली. अठरा वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. पाय टेकत नव्हते. बोटे टेकत होती.

डॉक्टरांनी मग कागदावर चित्र काढून समजावले. पाय लोंबकळले की त्यांचा सारा भार खुर्चीच्या पुढच्या कडेवर पडतो. ती कड मांडीच्या मागच्या बाजूला दाबते, पायांतून वर चढणारे रक्त रेंगाळते आणि पाय सुजतात. तो दाब चुकवायला माणूस पुढे सरकतो. पुढे सरकला की पाठ टेकायची राहते, आणि दिवसभर सारे धड कंबरेच्या स्नायूंनी तोलून धरावे लागते. म्हणजे दुखणे कंबरेत आणि कारण पायाखाली!

त्या रविवारी मी शिलाईयंत्राच्या खणातली टेप काढली. हिच्या कचेरीतली खुर्ची आणि टेबल तिने शुक्रवारीच मोजून आणले होते. बैठक जमिनीपासून अठरा इंच, टेबल तीस इंच. आता माणसे मोजायची. चप्पल घालून, गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत, माझे माप भरले साडेसतरा इंच. हिचे पंधरा. आईचे साडेचौदा. म्हणजे ती खुर्ची मला जवळजवळ बेतून शिवल्यासारखी, आणि हिला तीन इंच अधांतरी ठेवणारी. मग कोपर मोजले. खुर्चीवर ताठ बसल्यावर हिचे कोपर बैठकीपासून आठ इंच वर येते. अठरा आणि आठ सव्वीस, आणि टेबल तीस. चार इंचांचा तो फरक भरून काढायला ही दिवसभर खांदे उचलून लिहीत आणि टंकत होती. इतके सोपे गणित घरात सुटत होते आणि आम्ही वजनाला दोष देत होतो.

बैठे काम करणाऱ्यांचे हे दुखणे काही आजचे नाही. इटलीतल्या मोडेना गावच्या बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या वैद्याने कामकऱ्यांच्या रोगांवर १७०० साली एक ग्रंथ लिहिला, आणि १७१३ च्या आवृत्तीत त्यात लेखनिकांचीही भर घातली. त्याने लेखनिकांच्या आजारांची तीन कारणे सांगितली आहेत : सतत बसणे, हात एकाच तऱ्हेने चालत राहणे, आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. मी हे हिला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "चौथं कारण राहिलं. पण तो सरकारी नोकर नव्हता, त्याला कसं कळणार?"

या बाबतीत माझे सर्वांत अधिक कुतूहल चाळवले ते एका विमानाच्या गोष्टीने. अमेरिकेच्या हवाई दलातले चालक आपल्या बैठकीत नीट बसत नव्हते. तेव्हा गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने ४,०६३ वैमानिकांची मापे तपासली. उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापे घेतली, प्रत्येकाची सरासरी काढली, आणि या दहाही बाबतींत सरासरीच्या आसपास बसणारे वैमानिक किती ते मोजले. १९५२ साली त्याचा अहवाल आला. उत्तर होते शून्य. चार हजारांत एकही माणूस सरासरी निघाला नाही. कुणाचे हात लांब तर पाय आखूड, कुणाची छाती रुंद तर मान बारीक. सरासरी माणसासाठी बेतलेली बैठक म्हणजे मुळात कुणासाठीच न बेतलेली बैठक. त्यानंतर बैठकी खालीवर, पुढेमागे करता येतील अशा करण्याकडे लक्ष गेले.

आपल्याकडेही हे काम झालेले आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रबर्ती यांचे भारतीय माणसांच्या मापांचे पुस्तक १९९७ साली प्रसिद्ध केले. बसलेल्या माणसाचा गुडघा, कोपर, मांडी, डोळा, सगळे त्यात मिलिमीटरमध्ये आहे, पुरुषांचे वेगळे आणि बायकांचे वेगळे. या शास्त्राचा साधा नियम मला फार आवडला. जिथे पोहोचायचे असते तिथे लहान माणसाचे माप घ्यावे. जिथे मावायचे असते तिथे मोठ्या माणसाचे. दाराची उंची उंच माणसाकडे पाहून ठरवावी आणि कडीची उंची ठेंगण्याकडे पाहून. आमच्या आजीने घर बांधताना हेच केले होते. देवळीत दिवा ठेवायला सर्वांत धाकट्या सुनेचा हात पोहोचला पाहिजे, असे तिने गवंड्याला सांगितले होते.

पण कचेरीत माप कुणाचे घ्यायचे? तिथे खुर्ची माणसाला मिळत नाही, हुद्द्याला मिळते. आपण कुठल्याही कचेरीत जा आणि नुसत्या खुर्च्या पाहा. माणसे रजेवर असली तरी कोण कोणाचा वरिष्ठ ते कळते. शिपायाला स्टूल. कनिष्ठ लिपिकाला बिनहाताची खुर्ची. वरिष्ठाला हात फुटतात. त्याच्यावर गेले की खुर्ची फिरू लागते, आणि मग प्रत्येक बढतीबरोबर तिची पाठ चार-चार बोटे उंच होत जाते, ती शेवटी साहेबांच्या डोक्याच्याही वर निघते. त्या उंच पाठीवर पांढरा स्वच्छ टॉवेल. तो टॉवेल कशासाठी, हे मला आजवर कुणी सांगू शकलेले नाही. साहेबांना त्या पाठीला टेकताना मी फारसे पाहिलेले नाही. तेही बिचारे पुढे कडेवरच बसलेले असतात. आणि शिपाई सहा फुटी असला तरी स्टूल तेच. त्याचे गुडघे छातीशी येतात.

मिहानमधल्या एका संगणक कंपनीत माझा पुतण्या आहे. त्यांच्याकडे सगळ्यांना सारखी खुर्ची, आणि तिला तीन-तीन कळा. एक दाबली की वर, दुसरी दाबली की मागे. फार कौतुकाने मी त्याला विचारले की तू ती किती उंचीवर ठेवतोस? तो म्हणाला, "काका, आधीच्या माणसाने ठेवली होती तशीच आहे."

तर हिने अर्ज केला. अर्जाचा मसुदा माझा नव्हता, हे नमूद करतो. कचेरीच्या मराठीत मला गती नाही. विषय होता 'आसनव्यवस्थेबाबत'. कमी उंचीची अथवा उंची बदलता येणारी खुर्ची मिळावी, सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले आहे, वगैरे. सात आठवड्यांनी उत्तर आले. फिरती खुर्ची सदर पदास अनुज्ञेय नाही.

अनुज्ञेय! किती शुद्ध, किती सुंदर संस्कृत शब्द आहे. मी वर्गात या धातूची रूपे शिकवतो. पण चार फूट अकरा इंच उंचीचा देह सदर पदास अनुज्ञेय आहे काय, हे त्या पत्रात कुठे लिहिलेले नव्हते. ही त्या पत्रावर चिडली नाही. तिने ते घडी करून पर्समध्ये ठेवले आणि म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे हो. नियमात खुर्चीच आहे. पायाखाली काय ठेवायचं, याबद्दल नियम कुठे आहे?"

कचेरीतल्या मैत्रिणींनी लगेच उपाय सुचवला होता. मागच्या खोलीत निकाली फायलींचे गठ्ठे पडलेले असतात, त्यातला एक पायाखाली घे. उंची अगदी बरोबर, आणि दुसऱ्या विभागातल्या एक-दोघी घेतातही. पण हिला ते जमेना. कागदाला चुकून पाय लागला तरी आपण हात लावून तो कपाळाला नेतो. वर एका हाताने फाईल पुढे सरकवायची आणि खाली दुसऱ्या फायलीवर दिवसभर पाय ठेवायचे, हे तिच्याच्याने होईना. "आणि त्यात कुणाचं तरी निवृत्तिवेतन अडकलेलं असेल," ती म्हणाली.

मग आमच्या ओळखीच्या मिस्त्रींना बोलावले. ते आले, त्यांनी आमची जेवणाची खुर्ची उलटी करून पाहिली आणि एका वाक्यात निकाल दिला.

"पाय कापून टाका नं जी. तीन इंच. दहा मिन्टाचं काम आहे."

"सरकारी खुर्चीचे पाय कापता येणार नाहीत," मी म्हणालो.

"आन् कापले तरी काय होईल?" ही म्हणाली. तिने मुलीचे अभ्यासाचे ठेंगणे स्टूल ओढले, जेवणाच्या टेबलाशी नेले आणि त्यावर बसून दाखवले. पाय छान टेकले. पण टेबल छातीशी आले आणि खांदे कानांना लागले. "पाहा. खुर्ची खाली गेली की टेबल वर जातं. टेबल काही माझ्याबरोबर खाली येत नाही. मला वरच बसायला पाहिजे, आणि जमीन वर यायला पाहिजे."

मिस्त्री बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ताईले पाट पाहिजे."

पाट घरातच होता. हिच्या माहेरचा, लग्नात आलेला, सागवानी, कोपऱ्यांना पितळी फुल्या मारलेला. आता पंगती जमिनीवर बसत नाहीत, तेव्हा तो देवघराच्या मागे उभा होता. त्याची उंची भरली अडीच इंच. मिस्त्रींनी त्याला हात लावायला नकार दिला. जुन्या सागवानाला रंधा लावायची त्यांची इच्छा नव्हती. त्यांनी तसाच दुसरा केला. हिच्या बैठकीवर दोन इंच जाड उशी घालायची ठरली, म्हणजे कोपर वर येईल. आणि मग पाट पाच इंचांचा, पुढून किंचित उतरता, म्हणजे टाच खाली आणि चवडा वर राहील. वरून खडबडीत ठेवला, पाय सरकू नये म्हणून. आंब्याचे लाकूड वापरले. घेतलेले पैसे त्यांनी मला सांगायला सांगितले नाही, म्हणून सांगत नाही. पण ते क्ष-किरणांच्या चित्रांपेक्षा पुष्कळच कमी होते.

पिशवीत घालून ही तो पाट कचेरीत घेऊन गेली. पहिल्या दिवशी थट्टा झाली. वटसावित्री आहे काय, मुंज कुणाची, असे विचारून झाले. दुसऱ्या आठवड्यात चपलांचे पट्टे रुतणे कमी झाले. खांदा लवकर ऐकेना, त्याला तीन महिने लागले. आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ही दर तासाला उठून पाण्यापर्यंत जाऊन येते ते वेगळेच. पण दिवाळीच्या आधी दळणाचा डबा हिने स्वतः उचलून जागेवर ठेवला, हे मी पाहिले. त्या दिवशी आईने आपले निदान मागे घेतले नाही, पण पुन्हा उच्चारलेही नाही.

मार्चमध्ये कचेरीत साठा-पडताळणी झाली. डेडस्टॉक रजिस्टर घेऊन एक गृहस्थ टेबलाटेबलांखाली वाकून खुर्च्यांवरचे पांढऱ्या रंगातले क्रमांक तपासत आले आणि हिच्या टेबलाखाली थांबले.

"ही वस्तू कुणाची? नोंद नाही."

"माझी आहे."

"खाजगी वस्तू कार्यालयात ठेवता येत नाही, मॅडम."

"डबापण खाजगीच आहे, साहेब. चष्मासुद्धा."

गृहस्थ सज्जन होते. त्यांनी विचार करून रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : 'पाट, लाकडी, एक. खाजगी.' संध्याकाळी घरी येऊन हिने तैलरंगाने पाटाच्या खालच्या बाजूला आपले नाव घातले, पूर्वी लग्नातल्या पितळी भांड्यांवर घालीत तसे.

त्या नोंदीमुळे एक गोष्ट झाली. पाट अधिकृतपणे खाजगी ठरला, म्हणजे तो ठेवायला हरकत नाही हेही अधिकृतपणे ठरले. मधल्या सुट्टीत बायकांनी रेकॉर्डरूमचे दार लोटून घेतले आणि शिलाईची टेप घेऊन एकमेकींच्या पोटऱ्या मोजल्या. हसण्याचा एवढा आवाज त्या खोलीतून पूर्वी कधी आला नव्हता, असे शिपायाने नंतर सांगितले. पण मिस्त्रींचा त्या मापांवर विश्वास बसेना. "बसलेला माणूस पाहिल्याबिगर मी लाकूड कापत नाही जी," असे म्हणून ते एका दुपारी स्वतः कचेरीत गेले आणि टेबलाटेबलांपाशी उकिडवे बसून मापे घेऊन आले. त्यांना कुणाचा हुद्दा ठाऊक नव्हता, आणि नावे त्यांच्या लक्षात राहत नाहीत.

परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा ती यादी पाहिली. प्लायवुडच्या एका तुकड्यावर पेन्सिलीने लिहून त्यांनी ती खिळ्याला टांगली आहे. निळी पिशवी, तीन इंच. चष्मेवाल्या बाई, सव्वातीन. हसणाऱ्या ताई, अडीच. खिडकीजवळच्या, पावणेतीन. दारातला उंच पोरगा, पाट नको, स्टूल सहा इंच वाढवणे. आणि सर्वांत खाली, बाकीच्यांपासून जरा दूर, टॉवेलवाले साहेब, पावणेचार.